अमरावतीचे आठ, अकोल्याचे पाच

"आठ रुपये महिना," अमरावतीचे केशवराव म्हणाले. "जेवन धरून. घ्याची असन तर आज घ्या. उद्या दहा होतीन."

पार्वताबाईंनी खोलीत डोकं घातलं. एक खाट कशीबशी मावेल एवढी जागा, आणि भिंतींना अजून बैलांचा वास. चार सालांमागे एवढ्या पैशात आख्खं घर वर्षभर मिळायचं, दारातल्या लिंबासकट.

"आठ?" त्या म्हणाल्या. "मंग बैल बी संगच देता का?"

"आजी, तिकडं अमेरिकेत गोऱ्यांची लढाई लागली हाय आन् आपला कापूस सोन्याच्या भावानं चालला. मुंबईचे दलाल पैसे मोजून गोठ्यात झोपून राहिले. त्यात ही इंग्रजी शाळा निघाली. तुमचा नातू साहेब झाला म्हंजे आठाचं काही वाटनार नाही."

पार्वताबाईंना नातू नव्हताच. नात होती, शकुन, आणि या केशवरावांच्या मुलाचं स्थळ तिला सांगून आलं होतं.

निरोप धाडून घर पाहायला गेलं की घर नटून बसतं, हे पार्वताबाई एकदाच शिकल्या आणि जन्माच्या शिकल्या. थोरली नात रुख्मिणी त्यांनी अशाच नटलेल्या घरी दिली. पाहायला गेले तेव्हा सासूच्या तोंडातून मध गळत होता. दुसऱ्या वर्षी पोर विहिरीत सापडली. शकुनचं घर आता पाहुणी होऊन पाहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. खोली शोधणारी म्हातारी होऊन पाहायचं. पाहुण्यासमोर माणूस गोड होतो. भाडं विचारणाऱ्यासमोर तो जसा असतो तसाच उभा राहतो. त्यांना ओळखणारं या घरांत कोणी नव्हतं.

"सहा करा," त्या म्हणाल्या.

"करतो. मंग तूप बंद, दूध बी बंद." केशवराव आत ओरडले, "पानी आन वं! मेली का तिकडं?"

सून पाणी घेऊन आली. तिने मान वर केली नाही. मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. पार्वताबाईंनी तांब्याला तोंडही न लावता तो खाली ठेवला.

"इचार करून सांगीन," म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर त्यांचे धाकटे दीर नत्थुजी दमणीला बैल जुंपून बसले होते. चार महिन्यांत हे आठवं घर. नत्थुजींचे गुडघे बोलत होते, पण वहिनीपुढे त्यांची बोलायची छाती नव्हती.

"हे बी नाही?"

"इथं म्या मांजर बी द्याची नाही. अकोल्याले हाना."

अकोल्याची वाट कापसाच्या गाड्यांनी भरून गेली होती. पुढचं टोक दिसेना, मागचं दिसेना. दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लटकलेला, जणू झाडंच पिकली होती. एक गाडी शेजारून गेली, तिच्या चाकांना लोखंडाची नाही, चांदीची धाव चढवलेली. रस्त्याच्या धुळीत चांदी फिरत होती. पार्वताबाई पाहतच राहिल्या.

"वयनी, तोंड मिटा," नत्थुजी म्हणाले. "कापूस जाईन आत."

जुन्या शहरात पोचल्यावर नत्थुजी बैलांना पाणी पाजायला मोर्णा नदीवर गेले, ते बऱ्याच वेळानं आले. तोवर पार्वताबाईंनी तीन दारी भाव विचारून घेतला. एकानं नऊ सांगितले, एकानं दहा. तिसऱ्यानं नुसत्या ओसरीचे बारा सांगितले, आणि सांगताना लाजलाही नाही. अकोल्यानं अमरावतीला पार मागं टाकलं होतं.

मग माणिकबाईंचं घर आलं. हे नववं स्थळ, त्यांच्या धाकट्या मुलाचं, देवीदासाचं.

"पाच," माणिकबाई म्हणाल्या. "जेवन, दूध, तूप, सारं धरून."

"पाचच? शेजारी तर नऊ सांगून राहिले."

"सांगू द्या. लोकाचं लेकरू ठेवायचं तर पोटभर ठेवावं, बाई."

पार्वताबाईंनी डाव टाकला. "तूप काढा आन् चार करा."

"तूप कावून काढू? चार द्या, तूप राहू द्या."

तेवढ्यात थोरली सून हसत बाहेर आली. तिनं सासूच्या हातातलं सूप काढून घेतलं. "उठा तुमी. रातभर कंबर दुखत होती ना?"

"पाहा वो बाई," माणिकबाई म्हणाल्या, "मलेच हुकूम सोडते!"

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. सासूनं चुलीवरची पहिली भाकर काढली, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि सुनेच्या हातात दिली. "खाय पह्यले. सकाळपासून राबून राहिली."

सासूनं सुनेला पहिली भाकर दिलेली पार्वताबाईंनी साठ वर्षांत पाहिली नव्हती. चांदीची चाकं पाहूनही त्यांना असं झालं नव्हतं. ज्या बाईच्या जिभेला आख्खं गाव भ्यायचं, तिनं घासाघीस सोडून दिली. त्यांनी भिंतीला हात टेकला.

"मले खोली नाही पायजे," अखेर त्या म्हणाल्या. "माही शकुन हाय. तिले पदरात घेता का?"

माणिकबाईंचा हात तोंडावर गेला. "अगं माय! म्हंजे मोठ्या घरच्या पार्वताबाई तुमीच?"

देवीदासाला बोलावणं गेलं. नत्थुजींच्या कनवटीला सुपारी होतीच. ती तिथंच फोडली आणि गूळ वाटला. दमणी निघाली तेव्हा पार्वताबाई गल्लीचं वळण येईस्तोवर मागं वळून पाहत होत्या, देवळातून निघाल्यासारख्या.

अंगणात थोरल्या सुनेनं खरकटी ताटं गोळा केली, हात धुतले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मानिकमावशी, दमनीवाल्या बाबानं सांगून ठेवलं तसंच झालं ना सारं? जाऊ का मी आता?" ती म्हणाली. "माही सासू वाट पाहून राहिली असन."