चित्रेबाईंची चूक

चाळीस कंपन्या आता वैदेही चित्रेच्या डोक्याने चालत होत्या, आणि ते डोकं तिने फुकट वाटलं होतं. हेमंतराव टिपणिसांच्या पोटात दुखायचं ते यानेच. निर्णय घेण्याची आपली पद्धत तिने सॉफ्टवेअरमध्ये उतरवून खुली केली होती. कुणीही वाचावी, सुधारावी, वापरावी. हेमंतरावांनी स्वतःची पद्धत कुलपात ठेवली, म्हणून ती त्यांच्या एकट्याच्या कंपनीत चालत होती.

"कुठेतरी चुकली असेलच ना बाई," म्हणत त्यांनी महिनाभर तिचा कोड चाळला. आणि चूक सापडली! जुन्या माणसाला पदावरून काढायचं ठरलं, की सॉफ्टवेअर ते भर बैठकीत जाहीर करत असे. हेमंतरावांनी सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं, "एवढीही माणुसकी नाही?" वर स्वतः दुरुस्ती करून जोडली: आधी त्या माणसाशी एकट्याने बोलावं.

तासाभरात वैदेहीचं उत्तर आलं. "बरोबर आहे तुमचं, सर. दुरुस्ती घेतली. सुधारणा करणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव घातलंय."

भांडलीसुद्धा नाही. त्या रात्री हेमंतरावांना जेवण गेलं नाही.

सोमवारी ते आपल्या कंपनीच्या संचालकांच्या बैठकीला निघाले. संचालकांनी आदल्या दिवशीच वैदेहीचं सॉफ्टवेअर बसवून घेतलं होतं, पण हेमंतरावांना कुणी सांगितलं नव्हतं. दाराशी पोहोचतात तोच फोन वाजला. आवाज यंत्राचा होता, अदब मात्र ओळखीची.

"हेमंतराव, आत जाण्याआधी आपण दोघंच पाच मिनिटं बोलू या का?"