सगळ्यात झाकलेलं नाणं

"हे बिटकॉइन," म्हणत नेरियोनं साखरेची काचेची बरणी टेबलावर पुढे सरकवली. "वर नाव लिहिलेलं नाही, पण आतलं सगळं जगाला दिसतं. पैसे कुठून आले, कुठं गेले, किती. एकदा का बरणी कोणाची ते कळलं, की संपलंच."

सकाळपासून वीज नव्हती. माराकाइबो शहराच्या उकाड्यात सुलाय मावशी पुठ्ठ्यानं वारा घेत भाच्याचं ऐकत होती. तिचा मुलगा एउदोमार रेडिओवर सरकारविरुद्ध नको ते बोलून बसला होता. तेव्हापासून तो सिनामाईकाच्या खाडीत, खांबांवर बांधलेल्या एका घरात दडून होता. आज सूर्य मावळताना ओविदियो नावाचा नावाडी त्याला जुन्या धक्क्यावरून उचलून सरहद्दीपार नेणार होता. त्याचे पैसे चिलीतून मावशीची लेक पाठवणार आणि मावशी ते ओविदियोला देणार. फक्त कोणाला माग लागता कामा नये, म्हणून नेरियो तिला फोनवरची ही डिजिटल नाणी समजावत होता.

"आणि हे झीकॅश." नेरियोनं पातेलं ओढलं आणि झाकण शेजारी ठेवलं. "झाकण पक्कं आहे, पण ते आपण लावायचं. विसरलो की उघडं."

"मी विसरणारच. काल डाळीत मीठ दोनदा घातलं."

"म्हणून हे." त्यानं ओट्यावरचा कुकर आणून आदळला. "मोनेरो. पाठवणारा गर्दीत मिसळून जातो. घेणारा दिसत नाही, आकडा दिसत नाही. झाकण मुळातच बंद. आपण काही करायचंच नाही."

"शिट्टीसुद्धा नाही?"

"शिट्टीसुद्धा नाही, मावशी."

मावशी कितीतरी दिवसांनी हसली.

खिडकीखाली केळीवाला शेजारणीशी हुज्जत घालत होता. "ताई, पैसे पाठवले म्हणता, मग फोटो कुठंय? फोटो दाखवा आणि केळी न्या!" आमच्या शहरात सुट्टे कोणाच्या खिशात नसतात आणि शब्दावर कोणी कोणाचा विश्वास ठेवत नाही. पैसे फोनवरून जातात आणि त्यांच्या पाठोपाठ पडद्याचा फोटो जातो, कशाचे पैसे ते खाली लिहून. त्याशिवाय ते दिले असं कोणी धरत नाही.

नेरियोनं मावशीच्या फोनवर सगळं मांडून दिलं. लेकीचे पैसे आले. आता फक्त एक बटण दाबायचं होतं.

"ओविदियोला वेगळं काही कळवायचं नाही हं. त्याचं त्याला दिसेल. पुलावरच्या नाक्यावर शिपाई फोन उघडून वाचतात. परवा तिथूनच दोन नावाडी उचलले."

"माहितेय रे. मला शिकवतोस?"

तेवढ्यात नळाला पाणी आलं. पाण्याचा काय भरवसा! नेरियो बादल्या घेऊन मागच्या अंगणात धावला.

तो परतला तेव्हा मावशीचा चेहरा उजळला होता. "गेले पैसे."

त्यानं स्वतःच्या फोनवर मोनेरोची सगळ्यांना दिसणारी नोंदवही तपासून पाहिली. नाव नाही, पत्ता नाही, आकडा नाही. त्याची छाती फुगली. "बघ मावशी, खुद्द सैतानालासुद्धा सापडायचं नाही."

"आणि फोटोही पाठवला," मावशी म्हणाली. "उगाच मिळाले नाहीत म्हणाला आणि माझं पोर धक्क्यावर ताटकळत राहिलं, म्हणजे?"

नेरियोनं फोन तिच्या हातातून हिसकावला. पडद्याचा फोटो होता, आकड्यासकट. खाली मावशीनं सवयीप्रमाणे नीट लिहिलं होतं: "माझ्या एउदोमारला पलीकडे नेण्याचे. जुना धक्का, सूर्य मावळताना. चिनितामाता तुझं भलं करो." शेजारी वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या.

एउदोमारकडे फोन नव्हता. माग लागू नये म्हणून नेरियोनंच तो काढून घेतला होता. आणि सिनामाईकाला जायचं तर वाट त्याच नाक्यावरून होती. बाहेर उन्हं कलायला लागली होती.

तो मजकूर पुसायला गेला, तोच उत्तर आलं. मावशीनं चष्मा वर सारून, त्याच्या हातातल्या फोनवर डोकावून ते मोठ्यानं वाचलं.

"मिळाले, बाईसाहेब. मुलाला वेळेवर येऊ द्या. आम्ही धक्क्यावर हजर आहोत."

"बघ," ती समाधानानं म्हणाली, "आज किती अदबीनं बोलतोय ओविदियो. एरवी मेला मला 'राणी' म्हणतो."