इस्त्रीमामांचा कॅमेरा

खेळात सत्याचा विजय व्हायचा असेल तर सत्य आधी सावकाश दिसलं पाहिजे, असं इस्त्रीमामांचं ठाम मत होतं. हे मत ते टीव्ही-फ्रिजच्या दुकानातल्या सेल्समनला दुसऱ्यांदा ऐकवत होते. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा शेजारच्या काउंटरवर एक काकू मिक्सर चालवून बघत होत्या.

मामा चालण्याच्या शर्यतीचे प्रशिक्षक. या शर्यतीत एक ना एक पाय सतत जमिनीला टेकलेला लागतो. दोन्ही सुटले की ते पळणं झालं, आणि गडी बाद. तरुणपणी मामांचे पाय जमिनीवरून इस्त्रीसारखे सरकत, म्हणून हे नाव. नाव कोणी ठेवलं असं विचारलं की ते विनयाने सांगत, मीच.

भाची त्यांची शिष्या, आणि ती दर शर्यतीत साडूंच्या शिष्येकडून हरत होती. साडूही प्रशिक्षकच, एका शिट्टीवर भागत नाही म्हणून गळ्यात दोन घालून हिंडणारे. "त्यांची पोरगी चालत नाही, उडते," मामा घरीदारी सांगत. रविवारी निवड चाचणी होती, संघात जागा एकच होती, आणि ते उडणं मामांना पुराव्यासकट पंचांपुढे ठेवायचं होतं.

"सगळ्यात भारी कॅमेरा हा," सेल्समन म्हणाला. "डास पंख कसे हलवतो तेही दिसेल."

"डास राहू द्या. पाय दाखवा."

बरोबर आलेली भाची फ्रिजांच्या रांगेतून झपझप चालत गेली. सेल्समनने कॅमेरा टीव्हींना जोडला, आणि भिंतभर एकदम ढीगभर भाच्या सावकाश चालू लागल्या. मागचा पाय सुटला. पुढचा अजून टेकायचा होता. मधल्या काळात भाची कुठेच टेकलेली नव्हती.

"मामा, मी उडतेय," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

"कॅमेऱ्यात दोष आहे. थांब, मी चालतो."

मामा चालले. कंबर हलली, कोपरं हलली, वॉशिंग मशीनवरची किमतीची पाटी खाली आली. भिंतीवर मामा भाचीपेक्षाही वर होते. पोटासकट.

मग दुकानाला चेवच चढला. कॅशियरबाई चालल्या, हमाल चालला, हप्त्यांची चौकशी करायला आलेलं एक जोडपं हातात हात घालून चाललं, आणि ईर्ष्येला पेटलेला प्रत्येक जण हवेत निघाला. नियमात बसल्या फक्त मिक्सरवाल्या काकू. त्यांचे गुडघे दुखत होते.

"मग मलाच पाठवा की रविवारी," त्या म्हणाल्या.

मामा टीव्हीसमोरून हलले नव्हते. "माझं पुन्हा लावा." पुन्हा लावलं. जन्मभर जमीन न सोडल्याचा अभिमान बाळगलेला माणूस चार बोटं वर तरंगत होता, आणि चेहऱ्यावर, मामांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं, बऱ्यापैकी सुख होतं. "आणखी एकदा."

"मामा, पण आता तक्रार कोणाची करायची?" भाचीने विचारलं.

मामा जमिनीवर आले. पंचांनी साडूंच्या पोरीला सावकाश बघितलं की साडू भाचीलाही सावकाश बघायला लावणार. आणि मग कोणीतरी मामांच्या नावाचा विषय काढणार. त्यांनी आवाज खाली आणला.

"यापेक्षा जरा कमी दिसणारा नाही का?"

सेल्समनने खालच्या कप्प्यातून धूळ बसलेला एक डबा काढला आणि त्यातला कॅमेरा जोडला. भाची पुन्हा चालली. या खेपेस टीव्हीवर कंबरेपर्यंत भाची होती आणि त्याखाली धुकं.

"यात पाय दिसत नाहीत," सेल्समन म्हणाला.

"मन स्वच्छ असलं की दिसतात," मामा म्हणाले. "हाच बांधा. साडूंनी पुरावा मागितला तर हाच लावू."

भाची अजून हसत होती. सेल्समनने डब्यावरची धूळ पुसली.

"हा सहसा कोणी नेत नाही. परवा एक गेला तेवढाच."

"कोणी नेला?"

"नाव नाही माहीत. गळ्यात दोन शिट्ट्या होत्या. तेही आधी भारीवाल्यापुढे चालून बघत होते."