खाणीची चढण

"चढली तर पाच वर्षं मी तोंड उघडणार नाही. नाही चढली, तर सोमवारी भंगारात. कबूल?" सिद्धेश म्हणाला.

"कबूल," चतुराबाई म्हणाल्या आणि फडक्याने जीपच्या दिव्याची काच पुसत राहिल्या.

मायलेकांची ही पैज निघोज्यात, चिमाजीच्या गॅरेजमध्ये लागली. जीप तीस वर्षांची. एसी नाही, रेडिओ नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. वायपर होता, पण त्याच्या मनात आलं तरच हलायचा. खेडच्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांवरचं दूध चतुराबाईंनी बावीस वर्षं याच जीपमधून राजगुरुनगरला आणलं. सिद्धेश तेव्हा चिंचवडला मामाकडे शिकत होता. आईला गाडी चालवताना त्याने पाहिलं ते सरळ डांबरी रस्त्यावर, तेही सुट्टीत.

आता तो चाकणच्या एका कंपनीत नव्या गाड्यांमधल्या टचस्क्रीनचं काम बघत होता. सोसायटीत पार्किंगची जागा एकच, आणि तिथे त्याला नवी गाडी हवी होती. जीपच्या कागदांची मुदतही महिनाअखेर संपत होती. चतुराबाईंना मात्र ती मुदत आणखी पाच वर्षं वाढवून हवी होती. दुसरं काही त्यांनी लेकाकडे कधी मागितलं नव्हतं.

खाण सिद्धेशनेच निवडली. गावामागची बंद दगडखाण आणि तिची सुट्या मुरुमाची चढण. गेल्या रविवारी त्याच्या मित्राची कोरी फोर बाय फोर, चारी चाकांना जोर मिळणारी गाडी, तिथे अर्ध्यावर रुतून बसली होती. म्हणजे निकाल त्याने आधीच खिशात घातला होता.

"मावशी, आठ दिवस दम धरा," चिमाजी हळूच म्हणाला. "सामान यायचंय अजून."

"आठ दिस कुठनं आनू? ह्यो सोमवारीच न्यायचं म्हनतोय."

"काय राहिलंय एवढं?" सिद्धेशने विचारलं.

"हाय असंच काहीबाही," चतुराबाई म्हणाल्या.

वायपर असेल, असं सिद्धेशने मनाशी धरलं. टेबलावर पोत्यात गुंडाळलेली काहीतरी लांबडी वस्तू पडली होती, तिच्यावर ठेवलेली लॅपटॉपची बॅग त्याने उचलली. बॅगेला ग्रीस लागलं होतं. तो चिमाजीवर करवादला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

खाणीपाशी चतुराबाईंनी चपला काढल्या आणि आधी सगळी चढण पायी चढून आल्या. वाटेत दोन दगड बाजूला केले, एक चपटा दगड उचलून मुद्दाम एका जागी टेकवला. मग चार रिकामी पोती काढून लेकापुढे टाकली.

"मुरूम भर ह्यात. जीपच्या मागच्या अंगाला टाकायचाय."

"आई, चढायचंय तर वजन कमी करायचं की वाढवायचं?"

"भर की गप."

इस्त्रीच्या शर्टाचं वाटोळं करत त्याने पोती भरली. तोवर चतुराबाईंनी मागच्या दोन्ही चाकांची हवा थोडी सोडली. पुढच्या चाकांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. वय झालं, विसरली, असं सिद्धेशला वाटलं. आठवण करून द्यायची गरज त्याला वाटली नाही. शेवटी पैज ती पैज.

तो पुढे बसायला निघाला.

"म्होरं नगं. मागं बस, पोत्यांवर."

चतुराबाईंनी छोट्या गिअरची दांडी मागे ओढली. इंजिनाचा आवाज जाड झाला.

"फोर व्हील लागलं?"

"दांडी तर वढली."

जीप निघाली ती मधल्या रुळलेल्या वाटेने नाही, तर डाव्या कडेने, दगडांच्या अंगाअंगाने. मित्राची गाडी रुतली होती त्या जागी आल्यावर खालून मुरूम उधळला, चाकं जागच्या जागी फिरली. संपलं, सिद्धेशने मनात म्हटलं. चतुराबाईंनी पाय उचलला. जीप वीतभर मागे येऊ दिली. स्टिअरिंग जरासं वळवलं, चाक त्या चपट्या दगडावर टेकवलं आणि पुन्हा हलकेच जोर दिला. जीप कण्हत, थरथरत, पण न थांबता वर गेली.



वर वारा होता. खाली कारखान्यांची निळी छपरं आणि ट्रकांची रांग दिसत होती. त्याने उतरून तापलेल्या बॉनेटवर तळहात ठेवला. एवढी ताकद या डब्यात होती, आणि आपण हिला भंगारात काढायला निघालो होतो, या विचाराने त्याला खरोखर भरून आलं. त्याने लगेच मित्राला फोन लावला.

"भावा, चारी चाकांचा जोर काय असतो ते येऊन बघ. काय मशीन आहे राव! या गाडीने कोणीही चढेल, अगदी माझी आईसुद्धा!"

चतुराबाई दगडावर बसून तळपायातले खडे काढत होत्या.

पलीकडच्या कच्च्या रस्त्याने ते गॅरेजवर परतले. चिमाजी दारातच उभा होता.

"चढली?"

"चढली," चतुराबाई म्हणाल्या. चिमाजी त्यांच्याकडे बघतच राहिला.

"कागदांचं मी उद्याच करतो," सिद्धेश उत्साहाने म्हणाला. "आणि चिमाजी, काय राहिलंय ते सगळं नवं घाला. तो वायपरसुद्धा."

"वायपर न्हवं, साहेब." चिमाजी टेबलापाशी गेला आणि त्याने त्या लांबड्या पोत्याची सुतळी सोडली. आतून ग्रीसने माखलेला लोखंडी दांडा निघाला. "म्होरच्या चाकांना जोर देतो, त्यो शाफ्ट. दिवाळीपास्नं हितंच पडलाय."