मोठी अक्षरं

“लिवून घ्या,” लालासाहेब म्हणाले. “गंगाधर, तुमाला जराबी लाज हाय का न्हाई?”

चारुलतानं लिहून घेतलं.

“साताऱ्याच्या गोदामातल्या मालाचा आकडा सोमवारी याया पायजे. आज बुधवार हाय. तितं काय झोपा काढाया ठेवलंय का तुमाला?” खिडकीबाहेर बघत, एकेका शब्दावर थांबत साहेब सांगत होते. “झालं. आन् सगळं मोठ्या अक्षरांत, बरं का.”

ही मोठ्या अक्षरांची भानगड चारुलतानं आपल्या हातानं ओढवून घेतली होती. नव्याण्णव साली सांगलीच्या त्या पंपांच्या कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला तिला घेतलं. क्लासमध्ये तिला ईमेलची रीतभात शिकवली होती. आधी नमस्कार घालावा, रागाच्या भरात लिहिलेलं पत्र तासभर ठेवून मग धाडावं, आणि सगळा मजकूर कॅपिटलमध्ये लिहू नये, ओरडल्यासारखं वाटतं. मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची होती, म्हणून हे सगळं तिनं पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेनं साहेबांच्या कानावर घातलं.

“वरडल्यावानी वाटतं?” लालासाहेबांनी विचारलं. “नक्की?”

“हो, साहेब.”

“मग आपुन मोठ्याच अक्षरांत लिवायचं.”

घ्या! कुणाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला जावं, तर हे असं.

लालासाहेब मॅनेजर. कंपनी आप्पासोंची. एसटीडीचं बिल बघून आप्पासोंनी साताऱ्याला फोन करणं बंद केलं आणि ईमेल आणली, पण त्या यंत्रावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सहीशिक्क्याशिवाय पत्र कसलं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे प्रत्येक ईमेल आधी कागदावर छापायची, साहेबांची सही घ्यायची, जावक नंबर टाकायचा, शिक्का मारायचा आणि फाइलला लावायची. मग ती साताऱ्याला पाठवायची. दर शनिवारी आप्पासो येत, बोटाला थुंकी लावून जावक फाइल पानपान उलटत आणि चहा घेऊन जात.

चारुलता फाइलीतली प्रत अगदी सांगितल्याबरहुकूम करायची. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सही व्हायची, शिक्का बसायचा. मग ती फोनची वायर मोडेमला जोडायची आणि साताऱ्याला भलतंच पत्र जायचं.

“गंगाधरकाका, नमस्कार. काकूंची तब्येत कशी आहे? गोदामाचा आकडा जमेल तसा आज कळवाल का? आभारी आहे. आपला, लालासाहेब.”

पासवर्ड तिच्या एकटीकडे होता. साहेबांना माउस धरता येत नव्हता.

हे वाईट आहे, हे तिला कळत होतं. पण गंगाधरकाका कामचुकार नव्हते. बावीस वर्षं त्यांनी ते गोदाम सांभाळलं होतं. त्यांच्या बायकोच्या किडन्या गेल्या होत्या आणि दर सोमवारी ते तिला घेऊन पहाटेच्या एसटीनं मिरजेला डायलिसिससाठी यायचे. आकडा चुकायचा नाही, फक्त उशिरा यायचा. नोकरी गेली असती तर मिरजेच्या फेऱ्या थांबल्या असत्या, आणि फेऱ्या थांबल्यावर काय झालं असतं ते सांगायला डॉक्टर लागत नाही. असल्या माणसाला लाज आहे का म्हणून विचारायचं? तिच्यानं ते होईना.

पुढच्या आठवड्यात आकडा पुन्हा बुधवारी आला.

“लिवा,” लालासाहेब म्हणाले. “ही शेवटची ताकीद. फुडच्या सोमवारी आकडा आला न्हाई, तर गोदामाच्या चाव्या घिऊन सांगलीला या.” त्यांचा आवाज जरा घोगरा झाला होता. रागानं असेल, असं चारुलताला वाटलं. तिनं प्रत छापली, सही घेतली, शिक्का मारला.

मग ती तासभर नुसती बसून राहिली. शेवटी तिनं टाइप केलं, “सोमवारी काकूंना मिरजेला न्याच. आकडा बुधवारी आला तरी चालेल.”

आता हे नुसतं गोड बोलणं राहिलं नव्हतं. साहेबांच्या नावानं तिनं परस्पर परवानगी दिली होती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकट्या भावाची, मुकुलची बारावी. तिचीही नोकरी काही शोभेची नव्हती.

शुक्रवारी गंगाधरकाकांचं उत्तर आलं. “साहेब, तुमच्या पत्रांचा लई आधार वाटतो. सोमवारी मिरजेहून परतताना सांगलीला उतरतो. तुमच्या पाया पडल्याशिवाय जाणार नाही.”

चारुलतानं ते उत्तर छापून घेतलं. सोमवारी सगळं उघड होणारच होतं. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. उत्तर हातात घेऊन ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

“साहेब, फाइलीतली पत्रं साताऱ्याला गेलीच नाहीत. मी दुसरी लिहून पाठवली. तुमच्या नावानं. माझं चुकलं. मला काढा, पण काकांना काढू नका.”

लालासाहेबांनी तिच्या हातातला कागद घेऊन वाचला. मग टेबलाचा खण उघडला आणि आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा तिच्यासमोर ठेवला. वरचं पत्र गंगाधरकाकांच्या अक्षरात होतं. “आपली ईमेल पोचली,” आणि खाली तिनं लिहिलेला मजकूर शब्दन् शब्द उतरवलेला.

“जुनं माणूस हाय. प्रत्येक ईमेलीची पोच टपालानं माझ्या घरला धाडतंय.”

“म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून...?”

“पयलं पत्र तुमाला सांगितलं आन् दोन दिस मला अन्न ग्वाड लागलं न्हाई. तिसऱ्या दिशी ही पोच आली, तवा कुटं घास उतरला.”

“मग दर वेळी तसं का सांगत होता, साहेब? कशासाठी?”

लालासाहेबांनी गठ्ठा पुन्हा खणात ठेवला.

“आप्पासो मला म्हणालं हुतं, तुमाला वरडाया जमत नसंल, तर गंगाधरला मीच काढतो.”