तिसरा दिवा

पांढरा. लाल. पांढरा.

तीन पंच, तीन दिवे. दोन पांढरे लागले की उचललेलं वजन धरतात. ताईनं दिव्यांकडे एकदा बघितलं, तळहातांवरची पावडर मांड्यांना पुसली आणि कठड्याचा आधार घेत ती चौथऱ्यावरून उतरली. टाळ्या बऱ्याच झाल्या. त्या दिवशी सगळ्या बायकांमध्ये एवढं कुणीच उचललं नव्हतं.

हरली.

संघात जागा एकच उरली होती, आणि ती नुसत्या किलोंवर मिळणार नव्हती. जाड्या आणि बारीक एका मापात बसाव्यात म्हणून उचललेल्या किलोंना अंगाच्या वजनाचा हिशेब लावतात आणि पॉइंट काढतात. अंग जितकं हलकं, तितका प्रत्येक किलोचा भाव जास्त. धाकट्या बहिणीपेक्षा, म्हणजे काडीपेक्षा, ताईनं दिवसभरात पावणेदोनशे किलो जास्त उचलले होते. पॉइंटांत काडी तीन दशांशांनी पुढे गेली. काडीनं ओंडका पाडला की, असं म्हणून कोच हसले. ताईही हसली. हसायलाही त्राण लागतं.

परतीच्या बसमध्ये काडी खिडकीशी बसली आणि एकामागून एक बिस्किटं खात राहिली. ताईनं फोन काढला. पॉइंटांच्या गणितात स्वतःचं वजन एक किलो कमी घातलं.

पुढे. चांगली पुढे.

फोन पालथा करून तिनं मांडीवर ठेवला.

त्याच दिवसाची सकाळ. वजन करून घ्यायची रांग. काडी दोन दिवसांची उपाशी, ओठ फुटलेले, तरी आपल्या गटाच्या मर्यादेपेक्षा चिमूटभर जास्तच. तेवढंही उतरावं म्हणून कोपऱ्यात बसून मग्यात थुंकत होती. वजन झाल्यावर खायचे उकडलेले बटाटे, अंडी आणि पाण्याची भरलेली मोठी बाटली समोरच होती. तिनं सगळं ताईच्या मांडीवर सरकवलं. म्हणाली, मला वाससुद्धा नको, तू संपवून टाक. तुला काय, तुझ्या गटाला वरची मर्यादाच नाही.

ताईनं संपवलं. बाटलीसकट. काडीच्या ताटातलं नको असलेलं लहानपणापासून तिच्याच पोटात जात आलं होतं. मग हाक आली आणि ती तशीच काट्यावर उभी राहिली. गटाला मर्यादा नव्हती, पण पॉइंटांत अंगाचा किलोन् किलो धरला जाणार होता, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. घरात पॉइंटांचं गणित यायचं ते काडीला. ताईच्या फोनवर ते तिनंच घालून दिलं होतं.

बस एका सिग्नलला थांबली. काडीनं पुडा पुढे केला. ताईनं मान हलवली.

"ताई," काडी म्हणाली, "सकाळी मला खरंच वास सहन होत नव्हता गं."

ताईनं काही विचारलं नव्हतं.

"रागावलीस?"

"दमलेय गं. झोप तू."

काडीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. दिवसभर बार पेलून तो खांदा सोलवटला होता. ताईनं तो थोडा खाली केला, तिला नीट टेकता यावं म्हणून.

पांढरा.

लाल.

तिसरा दिवा बघावा लागू नये म्हणून ताईनं डोळे मिटून घेतले.