पिंपळापर्यंत

"मागं वळायचं नाही," सकवारबाई म्हणाल्या. "त्या पिंपळापर्यंत. वळलीस तर आज घरी जाऊन पोळ्या तू लाटायच्या. नाही वळलीस तर मी."

"सरी," संयोगिता म्हणाली. सासूबाईंचा हा कानडी होकार एव्हाना तिच्याही तोंडात बसला होता.

होसकोट्यापलीकडच्या त्या तळ्याचा बांध रुंद होता, आणि रविवार असूनही रिकामा. डावीकडे नाचणीची शेतं, उजवीकडे पाणी. उतारावर शेळ्या चरत होत्या. पुढे या दोघी चालल्या होत्या, मागून चार वर्षांची संहिता आजोबांबरोबर येत होती. पण कुणाचं बोट न धरता. हे तिनं गाडीतच सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. संयोगितानं एकाच अटीवर मान डोलावली : पायात पैंजण हवेत.

ते पैंजण तिनं राजाजीनगरच्या सोनाराकडून मुद्दाम करून घेतले होते, घुंगरू दाटीनं बसवून. मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये पोर कुठल्या खोलीत आहे ते ओट्याशी उभं राहून कळायचं. खालच्या मजल्यावरच्यांनाही कळायचं. ते तक्रार करून गेले होते.

छुम छुम छुम. मागे, अगदी जवळ.

"ऐकत चाललीयस," सकवारबाई म्हणाल्या.

"नाही हो."

"कान बघ कसे झालेत. सशासारखे."

संयोगिता हसली आणि पुन्हा ऐकू लागली. मध्येच घुंगरू थांबले. बराच वेळ थांबले. तिची पावलं आपोआप आखूड झाली.

"अत्ते, पाणी खोल असेल का इथं?"

"मी काय उतरून बघू? तुझे मामंजी आहेत ना मागं."

"मामंजी पक्षी बघायला लागले की..."

"की मलापण विसरतात. चल, चल. पिंपळ बघ."

पुन्हा छुम छुम. तिनं श्वास सोडला. पण आवाज आता उजवीकडे सरकत होता. उतारावरून खाली, पाण्याकडे. संयोगितानं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. आवाज पाण्याच्या कडेशी गेला आणि तिथेच घुटमळला. मामंजी हाक का मारत नाहीत? ती वळणार, इतक्यात घुंगरू उड्या मारत मारत परत बांधावर चढले.

"बघितलंत?" ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आपली आपण वर आली. शहाणी आहे माझी पोर. सांगावं लागत नाही तिला."

"तेच म्हणत होते मी."

पिंपळ आता हाकेच्या अंतरावर होता. मागून घुंगरू पळत येत होते, जवळ, आणखी जवळ. संयोगितानं न वळता एक हात मागे केला, पोरीनं धरावा म्हणून.

दोघींच्या मधून एक तपकिरी करडू उधळत पुढे गेलं. दोन्ही पैंजण एकमेकांत अडकवून त्याच्या गळ्यात घातलेले होते.

संयोगिता वळली. बांधावर कुणी नव्हतं.

ती पळत सुटली. मागून सकवारबाई "अगं, पोळ्या..." एवढं म्हणाल्या आणि पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं. उतारावर बसलेल्या शेळ्यांवाल्या बाईनं तिला येताना पाहिलं आणि काही न विचारता काठीनं एका करंजाच्या झाडाकडे दाखवलं.

करंजाच्या बुंध्याआड तिचे सासरे कृष्णमूर्ती उकिडवे बसले होते. संहिता त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये होती आणि त्यांचा हात तिच्या पोटाभोवती होता. पाणी तिथून चांगलंच खाली होतं. संयोगितानं तोंड उघडलं. सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"पैंजण कुठंयत?" तिनं दबक्या आवाजात विचारलं. तिला धाप लागली होती.

"करडाला दिले," संहिता कुजबुजली. "त्याची आई त्याला शोधत होती. सारखी ओरडत होती."

"मामंजी, चांदीचे आहेत ते."

"करडू कुठं जातंय," कृष्णमूर्ती पुटपुटले. "वाजले की पक्षी पळतात म्हणाली. खरंच पळत होते गं. म्हणून मी काढले. आता स्वल्प गप बस."

खालच्या लव्हाळ्यात हालचाल झाली. एक निळीजांभळी पाणकोंबडी लांब लांब बोटं टाकत बाहेर आली. तिच्यामागून काळ्या कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं. एक चिखलात घसरलं, उठलं, पुन्हा घसरलं. संहिताचे खांदे हसण्यानं हलले, पण आवाज आला नाही. इतकी गप्प ती झोपेतसुद्धा नसायची.

संयोगिता तिच्या शेजारी जमिनीवर बसली. पाणकोंबडी थबकली आणि मान उंच करून बघू लागली.

"आई," संहिता मान न वळवता म्हणाली, "तू वाजतेस."

संयोगितानं हातांकडे बघितलं. मग एकेक बांगडी कोपराकडे सरकवली, रुतून बसेपर्यंत, आणि हात मांडीवर ठेवले. पाणकोंबडीनं मान खाली घातली. घसरणारं पिल्लू एकदाचं वर आलं.

वर बांधावरून सकवारबाईंची हाक आली. "अगं, सापडली का पोर?"

कुणी हललं नाही.

"संयोगिता?" आता त्यांच्या आवाजात धास्ती होती. "अगं, ओ तरी दे."

संयोगितानं ओ दिली नाही.